आजीनं सोडलेला पदार्थ

अन्नाचा इतिहास शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी वर्गाला मी पहिला गृहपाठ दिला तो असा: घरातल्या सणाच्या एका पदार्थाचं नाव, साहित्य आणि कृती लिहून आणा. बेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या एकतीस वह्यांत पुरणपोळी, उरलेल्यांत बहुतेक मोदक आणि एका वहीत शिरखुर्मा. तपासताना लक्षात आलं की एकतीस पुरणपोळ्यांची कृतीही जवळपास शब्दाला शब्द एकच आहे, वेलदोडे-जायफळासकट. म्हणजे ती आईला विचारून नव्हे, मोबाइलवरून उतरवलेली होती. तरी पुढच्या तासाला मी उत्साहात बोललो. आपले पारंपरिक पदार्थ नामशेष होत चाललेत, ते जपले पाहिजेत, ही जबाबदारी तुमच्या पिढीची वगैरे. तास संपल्यावर एक मुलगी व्हरांड्यात थांबली होती. तिच्याही वहीत पुरणपोळीच होती. म्हणाली, "सर, आमच्याकडं जे करायचे ना, ते पणजोबांनी ठरवून सोडलं. आजी अजून सांगती. ते कशाला जपायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. "उद्या बोलू," म्हणालो आणि स्टाफरूमकडे निघालो.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक मुलाला स्वतःच्या शाखेबाहेरचं काहीतरी घ्यावं लागतं. त्या घुसळणीत आमच्या तालुक्याच्या कॉलेजात 'अन्नाचा इतिहास आणि संस्कृती' हा दोन क्रेडिटचा खुला ऐच्छिक विषय सुरू झाला. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. वर्गात निम्मी मुलं कॉमर्सची, काही सायन्सची. हा विषय आता ठिकठिकाणी सुरू होतोय आणि त्याचं मला बरंही वाटतं. पण तो ज्या पद्धतीनं सुरू होतोय ती पाहिली की वाटतं, 'पदार्थ जपा' एवढंच सांगायचं असेल तर मुलांचे तीस तास खर्च करू नयेत. एखादा पदार्थ ताटात कधी आला, कुणी आणला, कुणाला वाढला गेला नाही आणि कुणी का सोडला, हे विचारायचं असेल तरच तो इतिहास. नाहीतर ती पाककृतींची वही, आणि ती घरोघरी आहेच.

त्या मुलीच्या पणजोबांनी काय सोडलं होतं? तिनं पुढे स्वतःच सांगितलं. मेलेल्या जनावराचं मांस. त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून वाळवलेल्या चान्या. आजीच्या लहानपणी त्या दोरीवर वाळत घातलेल्या असत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी आपण सगळे शिकवतो. एकीकडे पाणी घ्या, दुसरीकडे हे अन्न टाका, या दोन गोष्टी त्याच परिषदेत एकत्र सांगितल्या गेल्या, हे आमच्या वर्गात कुणी कधी जोडून शिकवलं नव्हतं; मीही नाही. मेलेलं जनावर ओढून नेणं ही गावकीची सक्ती होती आणि ते मांस हा त्या सक्तीचा मोबदला. ते सोडणं म्हणजे त्या दिवशीची भूक पत्करून गावाला नकार देणं. या घटनेला 'लोप पावत चाललेली खाद्यपरंपरा' म्हणणारा मी कोण?

गोष्ट इथे संपत नाही, आणि शिकवायला खरी मजा इथूनच येते. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी शिकवलेल्या अभ्यासक्रमातून २००९ साली एक पुस्तिका तयार झाली. विद्यार्थ्यांनी दलित कुटुंबांतल्या अन्नाच्या आठवणी आणि कृती गोळा केल्या होत्या आणि विचारलं होतं की 'भारतीय थाळी' म्हणताना ही थाळी का आठवत नाही. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद करणारं पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. त्या एका 'अ'मध्ये आमच्या तीस तासांचा अर्धा अभ्यासक्रम आहे. म्हणजे एका पिढीनं ठरवून सोडलं आणि दोन-तीन पिढ्यांनंतरच्यांनी ठरवून लिहून ठेवलं. सोडणारे आणि लिहिणारे एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? मला वाटत नाही. अपमानाचं अन्न टाकणं आणि ते आपल्याला खावं लागलं याची नोंद ठेवणं, दोन्हींच्या मागे स्वाभिमान एकच आहे. पण माझं मत मुलांनी मानावं असा आग्रह नाही. यंदा वर्गात या मुद्द्यावर दोन गट पडले आणि मी गप्प बसून ऐकलं.

दुसऱ्या वर्षापासून गृहपाठ बदलला. आता प्रश्न असा असतो: तुमच्या घरात पूर्वी होत असलेला, आता होत नसलेला एक पदार्थ शोधा, तो कधी आणि का बंद झाला ते घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून लिहा. मोबाइल इथे उपयोगी पडत नाही. आजीपाशी जावंच लागतं. आणि एका प्रश्नानं पुरणपोळीची भिंत कोसळली. कण्या आल्या, आंबील आली, हुलग्याची शेंगोळी आली, अंबाडीची बोंडं आली, घाटा आला. कारणं तर आणखी निराळी. 'जातं विकलं.' 'गाय विकली.' 'आईला शेतावरून यायला उशीर होतो.' 'रेशनला गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी कोण पेरणार.' एका मुलानं लिहिलं होतं, 'मामाच्या लग्नानंतर मामी म्हणाली हे गरिबांचं खाणं आहे.' आणि एका घरातलं मांस मार्च २०१५ मध्ये बंद झालं, कारण राज्यात बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी घालणारा कायदा अमलात आला.

वहीत सगळीकडे शब्द एकच, 'बंद'. पण एक बंद चळवळीनं, एक कायद्यानं, एक बाजारानं, एक लाजेनं आणि एक बाईच्या कमरेच्या दुखण्यानं. हा फरक ओळखता येणं म्हणजे इतिहास येणं, असं मी मानतो. ज्वारीचंच घ्या. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर होता. दर लिहिला म्हणून दुकानात ज्वारी आली असं नाही. आमच्या भागात पिशवीत पडत राहिला तो गहू आणि तांदूळच. मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं, ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' हे नाव मिळालं आणि कॉलेजात पोस्टर स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या मुलीच्या घरी चपातीच होत होती. तिला दोष नाही. पोस्टरमागचा हिशेब तिला कुणी दाखवला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. हा विषय नव्या धोरणातल्या 'भारतीय ज्ञान प्रणाली'खाली ढकलावा, असा एक प्रवाह आहे. माझी हरकत नाही. अट एकच, आधी ग्रंथ वाचावेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास बाराव्या शतकातला, साधारण ११३० च्या आसपासचा. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात आपल्या मांडे या पदार्थाचे पूर्वज आहेत, डाळींचे वडे आहेत, आजच्या इडली-डोशाच्या नावांशी नातं सांगणारे पदार्थ आहेत. हे सगळं भाषणांत येतं. त्याच भागात डुकराचं मांस भाजण्या-परतण्याच्या तपशीलवार कृती आहेत, कासव आहे आणि शेतातले उंदीरही आहेत. हे भाषणांत येत नाही. राजा आपल्या जेवणाबद्दल मोकळेपणानं लिहितोय आणि त्याचा वारसा सांगणारे आपण त्याच्या ताटातले निम्मे पदार्थ झाकून ठेवतोय. ज्याला मानसोल्लास शिकवायचा आहे त्यानं तो पूर्ण शिकवावा. मुलं उंदरांना हसतात, नाकं मुरडतात, मग कुणीतरी विचारतं की शेतातला उंदीर आजही खाणाऱ्यांना आपण काय म्हणतो. तेवढ्यासाठी तरी तो उतारा हवा.

याच्या उलट टोकाचा आजार म्हणजे गंमतीचा इतिहास. उपवासाचं ताट हे त्याचं लाडकं उदाहरण. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची आणि रताळंही अमेरिकेतलं, राजगिरासुद्धा. हे ऐकलं की वर्ग खूश होतो आणि बरेच शिक्षक इथेच थांबतात. मला वाटतं, अभ्यास इथून पुढे आहे. चारपाचशे वर्षांपूर्वी कुणाला ठाऊकही नसलेली पिकं पवित्र कशी झाली? आणि हजारो वर्षं इथे पिकणारा गहू-तांदूळ उपवासाला अपवित्र का राहिला? माझी समजूत अशी की नेम धान्य टाकण्याचा होता आणि ही नवी मंडळी धान्यांच्या यादीत नव्हतीच, म्हणून ती मागच्या दारानं देवघरात शिरली. भगर आणि शिंगाडा मात्र आधीपासूनच घरचे. त्यात आजच्या साबुदाण्याची गोष्ट आणखी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या एकादशीला सेलमच्या कारखान्यांचा हातभार आहे हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, मग पंढरीच्या वारीत तुकोबा काय खात असतील?" या प्रश्नावर मी त्याला तिथेच पूर्ण गुण देऊन टाकणार होतो.

आख्यायिका तपासायला शिकवणं हा मला या विषयाचा सगळ्यात उपयोगी भाग वाटतो, कारण खाण्याबद्दल जितकं खोटं फिरतं तितकं बहुधा राजकारणाबद्दलच फिरत असेल. सांबाराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, चिंच घातली, संभाजीराजे पाहुणे होते म्हणून नाव सांभार. छान गोष्ट आहे, मराठी मनाला गुदगुल्या करणारी. मी मुलांना तीन प्रश्न देतो. ही गोष्ट सांगणारा सर्वांत जुना कागद कोणता? 'संभार' या संस्कृत शब्दाचा अर्थ काय? आणि विदर्भात सांबार कशाला म्हणतात? तिसऱ्या प्रश्नाला वर्गात एखादा यवतमाळचा मुलगा असला की काम भागतं. कोथिंबिरीला! संभार म्हणजे जमवलेलं साहित्य, मसाल्याचं सामान; त्या शब्दाला पाहुण्या राजाची गरज नाही. गोष्ट खोटीच आहे असा निकाल मी देत नाही. पण ज्या गोष्टीचा समकालीन पुरावा कुणी पुढे ठेवत नाही ती इतिहास म्हणून सांगायची नाही, एवढी सवय लागली तरी पुरे. तंजावरच्या मराठी स्वयंपाकात कुणाला खरंच रस असेल तर दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातल्या पाककृती तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीत लिहिलेल्या आहेत. पण त्या वाचायला बसावं लागतं. आख्यायिका नुसती पुढे पाठवता येते.

अन्न हा पुरावा म्हणून किती बोलतो हे दाखवायला मी दोन गोष्टी घेतो. पहिली गोव्याची. तिथल्या पोर्तुगीज धर्मतपासणी न्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, १७३६ सालच्या फर्मानात नव्या ख्रिस्ती कुटुंबांना ज्या हिंदू चालीरीतींची मनाई केली, त्यात भात अळणी शिजवून नंतर चवीपुरतं मीठ घेणं हीसुद्धा एक होती. धर्म तपासायला लोक चुलीपर्यंत जातात ते असे. दुसरी पुण्याची. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या सभेनंतर चहा-बिस्किटं पुढे आली. टिळक आणि रानडे दोघेही हजर होते, हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. चहाच्या एका कपानं पुण्यातल्या सुधारकांची आणि सनातन्यांची किती पंचाईत केली हे सांगितलं की कॅन्टीनमधल्या कटिंगकडे मुलं जरा वेगळ्या नजरेनं बघतात. यापुढे फार ताणायची गरज नसते.

सगळ्यात जास्त वेळ मी दुष्काळाला देतो, आणि इथे माझ्यावर टीका होते. 'खाद्यसंस्कृती'च्या विषयात भूक कशाला, मुलांना उदास कशाला करायचं? माझं म्हणणं उलटं आहे. आमच्या भागाच्या स्वयंपाकाला आकार टंचाईनं दिला, सणांनी नव्हे. वर्षात सण किती आणि उन्हाळे किती लांब! यंदा केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतून वजनकाटा मागून आणला. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉयनं दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपलनं मद्रास इलाख्यातल्या कामावरच्या धडधाकट मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला होता. त्याच वर्षी पुढे हे गृहस्थ आपल्या मुंबईचे गव्हर्नर झाले. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढं ज्वारीचं पीठ टेबलावर मोजलं. मुलग्यांना वाटलं, बरंच आहे की. मुलींनी एका नजरेत सांगितलं, "पाच भाकरी. पातळ थापल्या तर सहा." कॉमर्सच्या एकानं फोनवर हिशेब केला, सोळाशेच्या आसपास कॅलरी. मग मी सांगितलं, यात कोरड्यास नाही, तेल नाही, डाळ नाही. आणि दिवसभर खडी फोडायची आहे. टेबलावरच्या त्या ढिगाकडे वर्ग बराच वेळ बघत राहिला. त्याच दुष्काळात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, तेही मग सांगायला जागा मिळाली.

खडी फोडण्याचा उल्लेख झाला की १९७२ चा दुष्काळ आपोआप येतो. या वर्गातल्या मुलांच्या आज्यांनी ती खडी फोडलेली आहे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी हे दोन शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहेत. एका मुलानं आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणलं होतं. मिलोची भाकरी थापताना तडकायची, रंग बघूनच पोरं रडायची, असं ती सांगत होती. मध्येच नातवानं विचारलं, "मग तू काय खायचीस?" आजी हसली आणि म्हणाली, "मी शेवटाला. कधी राह्यचं, कधी नाही." वर्गात तो आवाज पुन्हा ऐकवायला मुलानं नकार दिला. मी आग्रह केला नाही. पण स्त्रिया शेवटी जेवतात यावर मी पूर्वी जो तास घ्यायचो, तो आता घेत नाही. त्या एका वाक्यानंतर माझ्या बोलण्याची गरज उरली नाही.

'नोकरी कुठे आहे यात?' हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांना विचारायचा हक्क आहे. माझ्याकडे चमकदार उत्तर नाही. पर्यटन, हॉटेल, खाद्य-पत्रकारिता ही नेहमीची नावं घेता येतील, पण दोन क्रेडिटनं कुणी शेफ होत नाही. शिवाय हॉटेलात 'पेशवाई थाळी' विकायला इतिहास लागत नाही, पितळेचं ताट लागतं. मला एवढंच वाटतं की बी.कॉम.चा जो मुलगा आजीचं बोलणं ऐकून त्यातला सरकारी धान्याचा, मजुरीचा आणि बाईच्या जेवायच्या पाळीचा हिशेब वेगळा काढू शकतो, तो उद्या बँकेत बसला तरी समोरच्या शेतकऱ्याचा कागद जरा वेगळा वाचेल. वाचेलच असं नाही.

विषय बुडवायचा सर्वांत सोपा मार्ग मात्र आम्ही शोधून ठेवला आहे: खाद्यमहोत्सव. सत्राच्या शेवटी मैदानात मंडप, फेटे, नऊवाऱ्या, फीत कापायला पाहुणे, मिसळ, थालीपीठ, झुणका-भाकर आणि सेल्फी पॉइंट. 'प्रात्यक्षिक' म्हणून याचे गुण मिळतात. मला मिसळ आवडते, मी दोन प्लेट खातो. पण तीन वर्षांत त्या मैदानात मटणाचा एकही स्टॉल लागला नाही. वजडी तर दूरची गोष्ट. तशी लेखी मनाई कुणी केलेली नाही. विचारायलाच कुणी येत नाही. त्या न आलेल्या स्टॉलवर मला पुढच्या वर्षी एक तास घ्यायचा आहे. प्राचार्यांशी बोलणं चालू आहे.

अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यापीठाच्या धर्तीवर आम्ही छापलेला तक्ता आहे. पदार्थाचं नाव, साहित्य, कृती असे तीन रकाने आणि आता मी हातानं ओढलेला चौथा: कधी आणि का बंद. यंदा एका मुलीनं पहिल्या रकान्यात 'चान्या' लिहिलं, चौथ्यात दोन पानं भरून लिहिलं, आणि साहित्य-कृतीचे रकाने कोरे सोडले. खाली एक ओळ होती: 'आजीला येती, पण सांगायची नाही म्हणाली.' दुसऱ्या परीक्षकांनी कोऱ्या रकान्यांचे चार गुण कापले. मी ते परत दिले. त्यावरून विभागात अजून पत्रव्यवहार चालू आहे.